वरातीमागून जहाज

केप मेच्या सनसेट बीचवर वाळूपेक्षा गोटेच जास्त. तरी न्यू जर्सीतली आपली मंडळी उन्हाळ्यात भारतातून आलेल्या पाहुण्यांना हमखास तिथे नेतात, कारण तिथे सूर्य पाण्यात मावळतो आणि या किनाऱ्यावर ते सहसा बघायला मिळत नाही. गोट्यांमध्ये स्फटिकाचे पांढरे, अर्धवट पारदर्शक खडे सापडतात. तेच पैलू पाडून शेजारच्या दुकानात ‘केप मे डायमंड’ म्हणून विकायला ठेवलेले असतात. माझा मुलगा ते खडे खिशात कोंबत होता, मी त्याच्या चपला हातात घेऊन मागे फिरत होते, आणि बाबा हात पाठीमागे बांधून पाण्याकडे बघत उभे होते. किनाऱ्यापासून जेमतेम दीडशे फुटांवर काहीतरी काळपट, गंजकं पाण्याबाहेर आलेलं दिसत होतं आणि त्यावर दोन पाणकावळे पंख वाळवत बसले होते. मुलाने पाटी वाचली आणि तिथूनच ओरडला, “आजोबा, ती शिप आहे! सिमेंटची शिप! हाऊ डंब इज दॅट!” आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मीही हसले. बाबा मात्र हसले नाहीत. “डंब काय त्यात?” एवढंच म्हणाले, पण साइटवर मुकादमाला झापायचे त्या आवाजात. पोरगं गप्प झालं. परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

बाबा नातवावर कधीच आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ते माझ्या डोक्यातून काही जाईना. एका बुडालेल्या जहाजाचा यांना एवढा पुळका का यावा?

अटलांटस हे त्या जहाजाचं नाव. अडीचशे फूट लांब, आणि अंगाची जाडी पाच इंच. जॉर्जियातल्या ब्रन्सविकला ते बांधलं गेलं आणि पाण्यात सोडलं गेलं ५ डिसेंबर १९१८ रोजी. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबरला संपलं होतं. म्हणजे ज्या लढाईसाठी त्याचा घाट घातला, ती संपून तीन आठवडे उलटल्यावर हे नवरदेवाचं घोडं सजून दारात उभं राहिलं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, पोलादाच्या पत्र्याचा तुटवडा होता, जहाजबांधणीचे कारागीर मिळत नव्हते. सिमेंट, वाळू, खडी मात्र हवी तेवढी होती आणि सुतार-गवंडीही होते. नॉर्वेत निकोलाय फॉग्नर नावाच्या इंजिनिअरने १९१७च्या ऑगस्टमध्ये ‘नामसेनफ्योर्ड’ हे स्वतःच्या इंजिनावर चालणारं काँक्रीटचं छोटं जहाज समुद्रात उतरवून दाखवलं होतं. कॅलिफोर्नियात खासगी पैशावर ‘फेथ’ नावाचं मोठं जहाज उभं राहिलं आणि १४ मार्च १९१८ला तरंगलंही. त्याने खरोखर मालवाहतूक केली. त्यामुळे अध्यक्ष विल्सनने चोवीस जहाजांना मंजुरी दिली ती काही हवेत इमले बांधून नव्हे. त्या चोवीसपैकी बाराच पूर्ण झाली. युद्ध संपण्याआधी हाती आलं असं त्यात एकही नव्हतं.

अटलांटसने युरोपातले अमेरिकन सैनिक घरी आणले, काही दिवस कोळसा वाहिला आणि दोनेक वर्षांत ते मोडीत निघालं. मग कर्नल रोझेनफेल्ड नावाच्या गृहस्थांनी केप मेहून समोरच्या डेलावेअरला फेरी सुरू करायचं मनावर घेतलं. अशी तीन काँक्रीटची जहाजं किनाऱ्याशी बसवून धक्का करायचा, असा बेत होता. पहिलं आणलं ते हे. जून १९२६मध्ये वादळ आलं, दोर तुटले आणि जहाज आपल्या मनाने वाळूत जाऊन रुतलं. काढायचे सगळे प्रयत्न फसले, फेरीही बारगळली. पुढे कुणीतरी त्याच्या अंगावर बोटींच्या विम्याची जाहिरात रंगवली होती म्हणतात. विमा कंपन्यांनाही विनोदबुद्धी असते, हे मला तेव्हा कळलं.

बाबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. पूल, मोऱ्या, शाळांच्या खोल्या, आणि सगळ्यात जास्त पाण्याच्या टाक्या. वाळवा, शिराळा भागातल्या गावागावांत खांबांवर उभ्या त्या गोल टाक्या. एखाद्या रविवारी ते मला साइटवर नेत. टाकीच्या भिंतीचं काम एकदा सुरू झालं की मधे थांबायचं नाही, हा त्यांचा दंडक. रात्र झाली तर पेट्रोमॅक्स, पाऊस आला तर ताडपत्री. घमेली हातोहात वर चढत, वरचा माणूस माल ओतायचा, दुसरा सळईने ठासायचा, तिसरा फळ्यांवर बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत फिरायचा म्हणजे माल सळयांच्या जाळीत सगळीकडे बसेल. मधे दोन तास खंड पडला तर जुना थर आणि नवा थर यांच्यात सांधा राहतो आणि त्या सांध्यातून पाणी वाट काढतंच. फळ्या काढल्या की ओली गोणपाटं गुंडाळून दिवसचे दिवस पाणी मारायचं. मग टाकी भरायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबा खडू घेऊन टाकीभोवती चक्कर मारत. भिंतीला कान लावल्यासारखे जवळ जात, हाताचा पंजा टेकवत, जिथे गार लागेल, ओल दिसेल तिथे खडूने गोल. एखाद्या टाकीवर वीस-वीस गोल असत. एकदा एकही गोल काढावा लागला नाही, तर त्यांनी सगळ्या गवंड्यांना भजी खाऊ घातली होती.

केप मेहून आल्यावर चार-पाच दिवसांनी चहा पिताना ते आपणहूनच म्हणाले, “टाकीत पाणी आत असतं, जहाजात बाहेर. काँक्रीटला काय फरक पडतो?”

मग मी शोधून शोधून वाचत गेले, आणि जे मिळेल ते त्यांना वाचून दाखवत गेले. जहाजाच्या पोटाची भिंत चार-पाच इंचांची. त्यात सळया इतक्या दाट की बोट घालायला जागा नाही. साध्या खडीचा माल तिथे खाली उतरणारच नाही, शिवाय वजन वाढेल आणि जहाजात तेवढं सामान कमी भरावं लागेल. हे वजनच काँक्रीटच्या जहाजाचं खरं दुखणं. तरंगण्याचा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न होता तो भाड्याचा. सारख्याच आकाराच्या पोलादी जहाजापेक्षा अंगचं वजन जास्त, त्यामुळे पोटात माल कमी, आणि वर इंधन जास्त. युद्धात हे चालून जातं, कारण तेव्हा हिशेब कोण विचारतो? शांततेत पहिल्याच फेरीला मालक कपाळाला हात लावतो. त्यात युद्ध संपल्यावर पोलादाची जहाजं पडेल किमतीला मिळायला लागली.

वजनाचं ऐकून बाबा म्हणाले, “मग हलकी खडी पाहिजे.” आणि खरोखरच ती होती. ती गोष्ट मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडली. कॅन्सस सिटीत स्टीफन हेड नावाचा वीटभट्टीवाला होता. भट्टीत जास्त जाळ लागलेल्या काही विटा फुगायच्या, वेड्यावाकड्या व्हायच्या. आपल्याकडे अशा खंगर विटा भट्टीवाला एका बाजूला ढीग मारून ठेवतो आणि पायाच्या भरावाला स्वस्तात देऊन टाकतो. हेडच्या लक्षात आलं, की या विटा फुगतात कारण आतला वायू बाहेर पडायच्या आधीच माती वितळून वरचं कवच बंद होतं. आत बारीक पोकळ्या, बाहेर काचेसारखं टणक. हलकं, पण कच्चं नाही. मग हा भट्टीवाला मुद्दाम तशी शेल माती फिरत्या भट्टीत भाजून फुगवायला लागला, आणि १९१८मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. युद्धकाळातल्या जहाजांसाठी सरकारला त्याने ती पद्धत फुकट वापरू दिली. जहाजं बंद पडली, पण फुगवलेली खडी टिकली. कॅन्सस सिटीतल्याच टेलिफोन कंपनीच्या इमारतीवर १९२०च्या दशकाच्या शेवटी मजले चढवायचे होते. जुना पाया साध्या काँक्रीटचे आठ मजले पेलेल असा हिशेब होता. या हलक्या काँक्रीटचे चौदा चढले. हे वाचून दाखवल्यावर बाबांनी डोळे मिटून मान डोलावली, गाण्यातली एखादी जागा आवडल्यावर डोलावतात तशी.

त्या खडीचं ‘सेल्मा’ अजून टेक्सासात गॅल्व्हस्टनच्या उपसागरात बसलेलं आहे. चारशे वीस फुटांहून लांब तेलवाहू जहाज. ते पाण्यात उतरवलं २८ जून १९१९ला, म्हणजे व्हर्सायचा तह ज्या दिवशी सह्या होऊन पक्का झाला त्याच दिवशी. मुहूर्त काढणाऱ्याला शोधून काढलं पाहिजे. वर्षभरात, ३१ मे १९२०ला, मेक्सिकोत टॅम्पिकोच्या बंदरात ते धक्क्याच्या बांधाला घासलं आणि सुमारे साठ फूट लांब भगदाड पडलं. गॅल्व्हस्टनच्या गोदीत ओढून आणलं, पण तिथल्या कारागिरांनी काँक्रीटचं जहाज कधी दुरुस्त केलेलंच नव्हतं. शेवटी पेलिकन बेटाजवळ खास चर खणून मार्च १९२२मध्ये त्याला त्यात बसवून टाकलं. नंतर अभ्यासक तिथे जात राहिले, तुकडे कापून तपासत राहिले. खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं बसून, सळयांवर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, जेमतेम पाऊण इंचाहून कमी असूनही, आतलं पोलाद बऱ्याच ठिकाणी शाबूत सापडलं. “कव्हर किती म्हणालीस?” बाबांनी दोनदा विचारलं. पाच अष्टमांश इंच, मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या माणसाने दीड इंच ठेवून दहा वर्षांत स्लॅब गळायला लावलेत.”

इथे मी बाबांची बाजू घेऊन संपवलं असतं, तर बरं झालं असतं.

पण ‘केप फिअर’ मधे येतं. तेही त्या बारांपैकीच. ऑक्टोबर १९२०मध्ये ऱ्होड आयलंडजवळच्या नॅरागान्सेट उपसागरात ‘सिटी ऑफ अटलांटा’ या जहाजाची त्याला धडक बसली. पोलादी जहाजाला असा ठोसा बसला तर पत्रा आत जातो, वाकतो, फाटतो. पंपाला आणि माणसांना थोडा वेळ मिळतो. काँक्रीट वाकत नाही. ते फुटलं, आणि जहाज काही मिनिटांत तळाला गेलं. एकोणीस माणसं गेली. हे वाचून दाखवताना माझा आवाज आपोआप खाली आला, आणि पहिल्यांदाच बाबांकडे लगेच उत्तर नव्हतं. टाकीला कुणी धडक मारत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. काम चोख होतं, एवढ्याने ते त्या जागी योग्य होतं असं होत नाही. आणि तरीही, निर्णय चुकला म्हणून ज्याने रात्रभर जागून माल ठासला त्याला हसावं का? बाबांचा राग मला इथे थोडा कळला. त्यांच्या हयातीतल्या कितीतरी मोऱ्या अशा आहेत, की जिथून पुढे रस्ताच गेला नाही. आखणी बदलली, मंत्री बदलला, निधी वळवला. मोरी मात्र उत्तम. शेताच्या कडेला कोरडी उभी आहे, आणि गावातली पोरं म्हणतात, कुठल्या येड्याने बांधली.

कॅलिफोर्नियातल्या ‘पालो आल्टो’चं मला वेगळंच वाटतं. तेही तेलवाहूच, पण आयुष्यात त्याने तेल वाहिलंच नाही. दहाएक वर्षं नुसतं उभं राहिलं, आणि १९३०मध्ये एका करमणूक कंपनीने ते सीक्लिफच्या किनाऱ्याशी ओढत नेऊन वाळूत बसवलं. वर नाचाचा हॉल, उपाहारगृह, पोहायचा तलाव. किनाऱ्यापासून जहाजापर्यंत लाकडी पूल. समुद्रात न गेलेल्या त्या जहाजावर लोक रात्री बँडच्या तालावर नाचायचे, खाली लाटा आपटायच्या. मंदीचा काळ, दोन उन्हाळे झाले आणि कंपनीचं दिवाळं वाजलं. जहाज मधोमध तडकलं. मग मासे पकडणारे आले, ते मात्र अनेक वर्षं टिकले. २०१७च्या जानेवारीतल्या वादळाने त्याचे आणखी तुकडे केले. काही जहाजांच्या पत्रिकेतच प्रवास नसतो.

शहाणपण म्हणून कुणी एवढं झाल्यावर पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. पण दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा पोलादाची टंचाई आली, आणि फ्लोरिडात टॅम्पाला फिलाडेल्फियाच्या मॅक्लॉस्की कंपनीने चोवीस नवी काँक्रीटची जहाजं बांधली. या वेळी चोवीसची चोवीस पूर्ण झाली. आणि नावं कुणाची दिली? सिमेंट-काँक्रीटवाल्यांची! पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेणारा अ‍ॅस्पडिन, अमेरिकेत ते पहिल्यांदा करणारा सेलर, फ्रान्सचा व्हिका, आणि थेट रोमन काळातला व्हिट्रुव्हियस. सेनापती नाहीत, राजे नाहीत. जगाच्या पाठीवर गवंडीकामातल्या माणसांच्या नावाचा एवढा मोठा ताफा दुसरा नसावा. त्यातली ‘व्हिट्रुव्हियस’ आणि ‘डेव्हिड सेलर’ जून १९४४मध्ये नॉर्मंडीला गेली, आणि तिथे मुद्दाम बुडवली गेली, म्हणजे मागच्या छोट्या बोटींना लाटांपासून आडोसा मिळावा. त्याच युद्धात अमेरिकन नौदलाने प्रशांत महासागरात काँक्रीटच्या एका तराफ्यावर आइस्क्रीमचा कारखाना थाटला होता, सात मिनिटांत दहा गॅलन. त्याला इंजिनही नव्हतं, दुसरं जहाज ओढत न्यायचं. हे माझ्या मुलाला सांगितल्यापासून त्याचं काँक्रीटच्या जहाजांबद्दलचं मत पार बदललं आहे. जपानलाही पोलाद मिळेनासं झाल्यावर त्यांनी ‘ताकेची मारू’ नावाची अशीच जहाजं बांधली. त्यातली दोन हिरोशिमा प्रांतात यासुउरा नावाच्या कोळीबंदराचा बांध होऊन अजून उभी आहेत. दोन्ही शत्रूंना एकच उपाय सुचला, आणि दोघांच्याही जहाजांचा शेवट बंधारा होण्यात झाला.

बाबा भारतात परतल्यावर आम्ही व्हर्जिनियात किप्टोपीकला गेलो. चेसापीक उपसागराच्या मुखाजवळचं उद्यान. तिथे टॅम्पाच्या चोवीसांपैकी नऊ जहाजं किनाऱ्याला समांतर, एकामागे एक बुडवून ठेवली आहेत. काहींच्या कुशीला मोठी भोकं पडली आहेत, त्यातून पलीकडचं पाणी दिसतं. वरच्या कडेला झुडपं उगवली आहेत आणि पाणकोळ्यांच्या रांगा. आतल्या बाजूचं पाणी सपाट, बाहेरच्या बाजूला लाटा. एक म्हातारा आफ्रिकन-अमेरिकन माणूस धक्क्यावर गळ टाकून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, मासे जहाजांच्या सावलीत थांबतात. ही जहाजं १९४०च्या दशकाच्या शेवटी इथे आणली, ती इथल्या फेरीच्या धक्क्याला आडोसा म्हणून. त्यांच्या आड वर्षानुवर्षं गाड्या भरलेल्या बोटी ये-जा करत होत्या. एप्रिल १९६४मध्ये उपसागरावर पूल आणि बोगदा झाला आणि इथली फेरी बंद पडली. बोटी रिकाम्या झाल्या. त्यांतल्या काही विकत घेतल्या गेल्या आणि उत्तरेला नेल्या. तिथे १ जुलै १९६४ला नवी फेरी सुरू झाली, ती केप मे ते डेलावेअरचं लुईस. कर्नलसाहेबांना अटलांटस टेकवून जी हवी होती, नेमकी तीच, अडतीस वर्षांनी. आणि तिच्या पहिल्या बोटी काँक्रीटच्याच जहाजांच्या आडोशाला वाढलेल्या.

धक्क्यावरूनच मी बाबांना फोटो पाठवला. इस्लामपुरात तेव्हा रात्र झाली होती, पण लगेच फोन आला. फेरीची गोष्ट त्यांनी ऐकून घेतली, हं म्हणाले, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. फोटो मोठा करून बघत होते.

“वरचं काही दाखवू नकोस, ते टिकणारच. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात सळई आधी जाते. कधी ओलं, कधी कोरडं. तिथला जवळून काढ. सळई उघडी असेल तर वर किती कव्हर होतं ते दिसेल.”

मी सांगितलं, की जहाजं बरीच आत आहेत, त्यासाठी कयाक भाड्याने घेऊन वल्हवत जावं लागेल.

“मग घे की,” बाबा म्हणाले. “आणि शेजारी मोजपट्टी धर.”